ताक, पापड, काका

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या देवळाच्या सभामंडपात कॅन्सरवर एक कार्यक्रम झाला. डॉक्टर बोलून गेले, चहा आला आणि मग खरी चर्चा सुरू झाली. विषय निघाला माझ्या मामांवरून. मामांचं स्वरयंत्र तीन वर्षांपूर्वी काढलं. दर बुधवारी ते मोबाइल समोर टेकवून बोलायचा सराव करतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "हे ऑनलाइन-बिनलाइन म्हणजे सरकारनं अंग काढून घ्यायची युक्ती. शिकवणारा समोर बसलेला पाहिजे. फोनवर कसली थेरपी?" पर्वरीला कॉम्प्युटरचं काम करणारा एक मुलगा म्हणाला, "सर, पण आता शिकायची गरजच काय? टाइप करा, फोनच बोलतो. मराठीतसुद्धा." अर्धा तास दोघंही हिरिरीनं भांडले आणि मंडपाचे दोन तट पडले. मामा पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. त्यांच्यापुढे माइक कुणी धरला नाही. कदाचित संकोचानं असेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दोघेही चुकीच्या प्रश्नावर भांडत होते. स्वरयंत्र काढलेल्या माणसाला पुन्हा चारचौघांत आणून बसवणं हा ऑपरेशनचाच अर्धा भाग आहे. पुढेमागे जमलं तर बघू, म्हणून सोडून द्यायची ती गोष्ट नाही. आणि गोव्यासारख्या छोट्या राज्यात मराठी-कोकणी बोलणाऱ्या माणसासाठी या कामाचा मोठा वाटा ऑनलाइनच व्हायला हवा. स्वस्त पडतं हे त्याचं कारण नव्हे. ऑनलाइन नसेल तर ते काम बहुतेकांच्या बाबतीत होतच नाही, एवढं साधं कारण आहे. मुख्याध्यापकांच्या डोळ्यांसमोर जी निवड आहे, ती समोर बसलेली थेरपिस्ट आणि पडद्यावरची थेरपिस्ट यांच्यातली. प्रत्यक्षातली निवड पडद्यावरची थेरपिस्ट की कुणीच नाही, अशी असते.

काय गेलं ते आधी नीट समजून घेऊ, कारण चर्चेत सगळे "आवाज गेला" एवढंच म्हणत होते. मामा खाजगी बसवर कंडक्टर होते, वाळपई-पणजी मार्गावर. घसा हेच त्यांचं भांडवल. सकाळी सातला बसच्या दारात लोंबकळत त्यांनी दिलेली "पणजे पणजे पणजे" ही हाळी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायची. ऑपरेशनपूर्वी त्यांना आवाज जाणार हे सांगितलं होतं. शिट्टी जाणार हे कुणी सांगितलं नव्हतं. या ऑपरेशनात श्वासनलिकेचं वरचं टोक गळ्याच्या पुढच्या बाजूला कातडीला शिवून टाकतात आणि माणूस त्या भोकातून श्वास घेतो. नाक-तोंडाचा फुप्फुसाशी संबंध कायमचा तुटतो. मग शिट्टी कशानं फुंकणार? मामांनी घरी आल्यावर आठव्या दिवशी खुंटीवरची शिट्टी ओठांत धरली, गाल फुगवले, आणि हवा गळ्यातून फस्स करून निघून गेली. मामी सांगतात, ऑपरेशनच्या आदल्या रात्री ते रडले नव्हते, त्या दिवशी रडले.

तुटलेल्या त्या एका संबंधाबरोबर किती बारीकसारीक गोष्टी जातात, याची यादी करायला बसलं तर संध्याकाळ होईल. गरम चहावर फुंकर मारता येत नाही, दिवा विझवता येत नाही, नाक शिंकरता येत नाही. तांदळाची गोण उचलताना आपण नकळत श्वास कोंडून छातीला टेका देतो, ते कोंडणारं झाकणच आता नाही. नदीत उतरायचं नाही, कारण गळ्यापर्यंत पाणी म्हणजे थेट फुप्फुसात पाणी. नाक हवा गाळतं, ओलावतं, ऊबदार करतं. ते काम बंद पडल्यामुळे कफ दाटतो, खपल्या धरतात, डिसेंबरच्या कोरड्या पहाटे खोकून जीव नकोसा होतो. आणि वास. हवा नाकातून जातच नाही, म्हणून वास जातो. गोव्यातल्या माणसाला मासळी बाजारात वास येणार नसेल तर त्यानं उभं तरी का राहावं? मामा कल्ले उचलून रंग बघायचे, पण शेवटचा निकाल त्यांचं नाक द्यायचं.

जगभर जीवनमान मोजायला ज्या प्रश्नावल्या वापरतात, त्यातली युरोपची एक प्रसिद्ध आहे, खास डोकं आणि मानेच्या कॅन्सरसाठीची, पस्तीस प्रश्नांची. तिच्यात बोलण्यावरचे प्रश्न मोजकेच आहेत. बाकीचे गिळण्याबद्दल, वास-चवीबद्दल, घरच्यांसमोर जेवताना अडचण वाटते का, लोकांत मिसळायला संकोच वाटतो का, असे. ज्यांनी ती बनवली, त्यांना कळलं होतं की माणसाचं आयुष्य नुसत्या आवाजात मावत नाही. आमच्या मंडपातला वाद मात्र आवाजापाशीच घोटाळत राहिला. वासाचंच घ्या. ओठ मिटून ठेवायचे आणि तोंडातल्या तोंडात जांभई दिल्यासारखा खालचा जबडा, जीभ, टाळू खाली ओढायची. त्यानं तोंडात पोकळी तयार होते, नाकातून थोडी हवा आत खेचली जाते आणि वास येतो. नेदरलँड्समध्ये कॅन्सरच्या डॉक्टरांनी शोधलेली ही क्लृप्ती. सभ्य जांभई म्हणतात तिला, चारचौघांत दडपून दिल्यासारखी. मामांना ती दोन बुधवारांत जमली. शिकवणाऱ्या बाई मुंबईत होत्या, मामा न्हाणीघरासमोरच्या पडवीत. हात लावावा लागला नाही, रुपयाचं औषध लागलं नाही. तिसऱ्या दिवशी ते सुक्या सोड्यांचा डबा उघडून अर्धा तास जांभया देत बसले होते.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे, ते मान्य करू. पहिला मुद्दा थोरामोठ्यांकडून येतो. जीव वाचला ना, मग आवाजाचं काय घेऊन बसलात? हा मुद्दा उथळ नाही. कॅन्सर कूर्चेपर्यंत पोचला असेल किंवा किरणोपचारानंतर उलटला असेल, तर स्वरयंत्र काढणं हाच अजूनही सर्वांत खात्रीचा मार्ग असतो. पण जीव आणि आवाज यांची तुलना माणसं आपल्याला वाटते तशी करत नाहीत. १९८१ साली अमेरिकेत सदतीस निरोगी माणसांना, त्यातले काही अग्निशमन दलातले आणि बाकीचे कंपन्यांतले अधिकारी, हाच पेच घालून बघितला. सुमारे वीस टक्क्यांनी सांगितलं, जगण्याची शक्यता थोडी कमी झाली तरी चालेल, आवाज राहू दे. दहा वर्षांनी तिथल्याच माजी सैनिकांच्या इस्पितळांत ३३२ रुग्णांवर अभ्यास झाला. आधी औषध आणि किरण देऊन बघितलं तर दोन वर्षांनंतर जिवंत राहणाऱ्यांचं प्रमाण सरसकट ऑपरेशन केलेल्यांएवढंच, ६८ टक्के, आणि त्या गटातल्या ६४ टक्के रुग्णांचं स्वरयंत्र शाबूत राहिलं. म्हणजे वैद्यकशास्त्रानं स्वतःच कबूल केलं की आवाज ही चैन नाही, त्याच्यासाठी उपचारांची दिशा बदलता येते. मग ज्यांना ऑपरेशन टळत नाही, त्यांच्या बाबतीत आवाज एकाएकी चैन कसा होतो?

या वादात रुग्ण कसा हरवतो, याचा इतिहासातला दाखला मोठा बोलका आहे. जर्मनीचा युवराज फ्रेडरिक १८८७ मध्ये घसा बसला म्हणून डॉक्टरांकडे गेला. जर्मन सर्जन म्हणाले, कापा. इंग्लंडहून आलेले मॅकेन्झी म्हणाले, थांबा, आधी तुकडा तपासू. फिर्खोसारख्या थोर शास्त्रज्ञाला त्या तुकड्यात कॅन्सर दिसला नाही. जर्मन डॉक्टर खरे की इंग्रज, यावर वर्तमानपत्रांतून दोन राष्ट्रांची अब्रू पणाला लागली. फेब्रुवारी १८८८ मध्ये त्याच्या गळ्याला भोक पाडावं लागलं, मार्चमध्ये तो सम्राट झाला आणि ९९ दिवस चिठ्ठ्या लिहून राज्य करून जूनमध्ये गेला. भोवती इतकी मोठमोठी माणसं भांडत असताना चिठ्ठीवर लिहून मत मांडणाऱ्याचा शब्द कुठवर पोचणार? आमच्या मंडपात सम्राट नव्हता, पण पहिल्या रांगेतल्या माणसाची गत काही वेगळी नव्हती.

दुसरा मुद्दा हाताचा, आणि इथे मुख्याध्यापक बऱ्याच अंशी बरोबर आहेत. काही कामं पडद्यातून होत नाहीत. १९८० च्या सुमारास अमेरिकेत सिंगर आणि ब्लॉम या दोघांनी श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या मधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडून त्यात एकदिशा झडप बसवायची पद्धत रुळवली. गळ्याचं भोक बोटानं झाकलं की फुप्फुसातली हवा झडपेतून अन्ननलिकेत जाते, तिथल्या भिंती थरथरतात आणि शब्द उमटतो. आजवरच्या पद्धतींत हा आवाज सर्वांत सरस. पण झडपेवर बुरशी धरते, काही महिन्यांनी ती गळू लागते, चहाचा घोट श्वासनलिकेत उतरतो. ती बदलायला शिकलेला हात लागतो. निसटून पडली तर काही तासांत छिद्र मिटू लागतं. तेव्हा व्हिडिओ कॉल काय कामाचा?

तरीही थोडा कामाचा असतोच. आमच्या बुधवारच्या वर्गात वेंगुर्ल्याच्या एक बाई आहेत, झडपवाल्या. त्यांना सारखा ठसका लागत होता. थेरपिस्टनी त्यांना नातवाच्या हातात टॉर्च द्यायला सांगितली, फोन गळ्याजवळ धरायला सांगितला आणि म्हणाल्या, आता रंगीत काहीतरी प्या. बाई लगेच आमसुलाचं सार घेऊन आल्या. "लाल नको हो! मला रक्त दिसतंय की आमसूल, ते कसं कळणार? खायचा हिरवा रंग असेल तर पाण्यात घाला." हिरवं पाणी प्यायल्यावर ते झडपेच्या मधून झिरपतंय की कडेनं, ते पडद्यावर स्पष्ट दिसलं. मधून गळत असेल तर झडप जुनी झाली, कडेनं असेल तर माप चुकलं किंवा छिद्र सैल झालं, आणि त्यावरून प्रवास आज करायचा की सोमवारी, झडप कोणत्या मापाची मागवून ठेवायची, हे ठरलं. बाईंची एक फुकटची खेप वाचली. हाताचं काम हातानंच होतं, पण हात कधी आणि कुठे लागणार हे दुरून ठरवता येतं. म्हणून पहिल्या भेटी, झडप बसवणं-बदलणं, गिळण्याची तपासणी हे सगळं इस्पितळातच व्हायला हवं, यावर माझा मुख्याध्यापकांशी वाद नाही. पण थेरपी म्हणजे काही ऑपरेशन नव्हे. ती रियाज आहे. रोज थोडी, महिनोन्महिने.

आणि फोनवर थेरपी हा विचार वाटतो तितका नवा नाही. ग्रॅहम बेल धंद्यानं बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवणारा मास्तर. वाणी कशी घडते, या ध्यासातूनच तो १८७६ मध्ये टेलिफोनपर्यंत पोचला. पुढे १९६० च्या आसपास गळ्याला लावलं की स्वतः गुणगुणून आवाज पुरवणारं ट्रान्झिस्टरवरचं यंत्र बाजारात आणलं तेही टेलिफोन बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिकनं. गेलेला आवाज आणि दूरचा आवाज हे दोन प्रश्न एकाच घरात वाढलेत.

"पण गोवा केवढासा! इथे ऑनलाइन कशाला?" हा तिसरा आक्षेप, आणि वरकरणी बिनतोड. नकाशावर राज्य उत्तर-दक्षिण शंभर किलोमीटरच्या आसपास भरतं. पण आजारी माणसाचं अंतर किलोमीटरात मोजत नाहीत, बदलाव्या लागणाऱ्या बसांत मोजतात. सत्तरी तालुक्यातल्या गावातून वाळपई, वाळपईहून पणजी, पणजीहून बांबोळीचं सरकारी इस्पितळ. गळ्यावर फडकं, रस्त्याची धूळ, गर्दीत कुणाचं कोपर भोकावर आदळेल ही धास्ती, आणि अर्ध्या तासाच्या थेरपीसाठी मामींचाही एक दिवस बुडालेला. आठवड्यातून दोनदा, सहा महिने. ज्या मामांनी आयुष्यभर याच रस्त्यावर तिकिटं फाडली, त्यांनी चौथ्या खेपेनंतर जायचं सोडलं. इस्पितळाचा यात दोष आहे असं मी म्हणत नाही. मग नेटवर्कचं काय? खरं आहे, पावसात आमच्याकडे वीजही जाते आणि रेंजही. लॉकडाऊनमध्ये इथलीच मुलं अभ्यासासाठी डोंगर चढत होती. परंतु त्यावरून शिक्षण बंद करा असा निष्कर्ष कुणी काढला नव्हता, टॉवर द्या असाच काढला होता. गळ्याचं भोक कॅमेऱ्यासमोर उघडायला संकोच वाटतो, विशेषतः बायकांना, हेही खरं. त्यासाठी गटाबाहेर वेगळी वेळ ठेवता येते. एक बारीक गोष्ट मात्र सगळ्यांनी ध्यानात घ्यावी. व्हिडिओ कॉलच्या ॲपमध्ये गोंगाट गाळण्याची सोय असते, ती गळ्याच्या यंत्राच्या गुणगुणीलाच गोंगाट समजते आणि माणसाचं बोलणंच पुसून टाकते. आमचे पहिले दोन वर्ग त्यात गेले. मामा बोलतायत, ओठ हलतायत, आणि पलीकडे शुकशुकाट. सेटिंगमध्ये जाऊन ती सोय बंद केली तेव्हा कुठे संवाद सुरू झाला.

आता ज्या मुद्द्यापाशी मला खरं तर सुरुवातीपासून यायचं होतं, तिथे येतो. भाषा. दोन्ही तटांतल्या कुणीही तिचं नाव काढलं नाही. क आणि ग म्हणताना जीभ एकाच जागी लागते. फरक इतकाच की ग ला स्वरतंतू थरथरतात, क ला नाही. त आणि द, प आणि ब यांचंही तेच. स्वरतंतूच गेले, तर हा फरक कोण करणार? गळ्याला यंत्र लावलं की ते अखंड गुणगुणतं, म्हणून काडी मागितली की गाडी ऐकू येते. एवढ्यावर भागत नाही. ख, घ, ठ, ध, भ या अक्षरांना छातीतून येणारा श्वासाचा झोत लागतो, आणि छातीतला श्वास आता गळ्यातून निघून जातो. घरचं गर होतं, खोबऱ्याचं कोबरं, भाताचा बात. ह तर जन्मतोच स्वरयंत्रात. हळदीची अळद होते. घुमट या वाद्याच्या तालावरच्या आरतीत तीस वर्षं मुख्य आवाज असलेल्या माणसाच्या तोंडून "विट्टल" निघतं, तेव्हा त्याच्या मनाला काय होत असेल? इंग्रजीत ही महाप्राण अक्षरं शब्दाचा अर्थ बदलत नाहीत. त्यामुळे इंग्रजी पुस्तकावरून उतरवलेल्या सरावाच्या याद्यांना त्यांचं दुखणंच ठाऊक नसतं. मामांना पहिल्यांदा मिळालेल्या कागदावर होतं: बेबी, पेपर, कॉफी. सातवी शिकलेला, सत्तरी तालुक्यातला साठीचा कंडक्टर आरशासमोर उभा राहून "बेबी" म्हणायचा प्रयत्न करतोय, हे दृश्य मी बघितलंय. हसू येत नव्हतं.

मुंबईच्या बाईंनी तो कागद बाजूला ठेवला. मामांना झडप नको होती, वरचेवर बदलायचा खर्च आणि खेपा दोन्ही नकोत म्हणून, त्यांना अन्ननलिकेतून बोलायला शिकायचं होतं. त्यात तोंडातली हवा अन्ननलिकेत ढकलून ढेकरासारखी परत आणायची असते. प, त, क म्हणताना तोंडात हवा आपोआप दाबली जाते, म्हणून त्या अक्षरांनी सुरुवात सोपी. बाईंनी विचारलं, "घरात रोज लागणारे प, त, क चे शब्द सांगा बघू." मामांनी पाटीवर लिहिलं: ताक, पापड, काका. सहा आठवडे पडवीत तेवढंच चाललं होतं. एका दुपारी जेवताना "ताक" असा स्पष्ट आवाज आला. मामींनी उठून ताक आणून ठेवलं आणि परत जेवायला बसल्या, आणि मग दोघांच्याही लक्षात आलं काय झालं ते. ढ, भ, ह पुढे आले, तेही गालातली हवा जोरानं फेकून, जिभेच्या मागच्या भागाला टाळूशी घासून. विठ्ठल अजून पुरता जमलेला नाही.

जयपूर फूट आठवा. परदेशी कृत्रिम पाय बुटासाठी घडवलेले होते. ते घालून शेतात अनवाणी चालता येत नव्हतं, उकिडवं बसता येत नव्हतं, म्हणून माणसं ते घरी टाकून कुबड्यांवर परत येत. १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा या कारागिरानं आणि डॉ. प्रमोद सेठींनी मांडी घालणाऱ्या, चिखलात उतरणाऱ्या माणसाचा पाय बनवला, तेव्हा तो चालला. आवाजाच्या बाबतीत आपण अजून परदेशी बुटातच आहोत. आणि आपल्या भाषेत शिकवणारा माणूस प्रत्येक तालुक्याला मिळणार आहे का? गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख होती. त्यात स्वरयंत्र काढलेले, त्यातले मराठीत बोलणारे, त्यातले अन्ननलिकेनं बोलू पाहणारे किती निघतील? बोटांवर मोजण्याएवढे. त्यांच्यासाठी समोरासमोरचा मराठी वर्ग पणजीत भरणार नाही, वाळपईत तर नाहीच. पण सिंधुदुर्ग, कोल्हापूर, नाशिक, पणजी हे सगळं एका पडद्यावर आणलं की वर्ग भरतो. आमचा बुधवारचा वर्ग असाच भरलेला आहे. अल्पसंख्य दुखणं आणि आपली भाषा यांची गाठ घालून द्यायची ताकद आज एकाच साधनात आहे.

पर्वरीच्या मुलाचं म्हणणं मी थोडक्यात निकालात काढतो, त्याचा राग नसावा. टाइप करून फोनला बोलायला लावणं उपयोगाचं आहे. बँकेत, दवाखान्यात, रात्री-अपरात्री फारच. ऑपरेशनपूर्वी स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ठेवावा, हेही मी प्रत्येकाला सांगेन. पण बाजारात "अर्धा किलो घालतो काय याच्यात?" एवढं टाइप होईपर्यंत मासळीवाली पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेली असते. विनोदाला तर क्षणाचाही उशीर खपत नाही. एकदा मामांनी यंत्र गळ्याला लावून एका कार्यालयात वीज बिलाची तक्रार करायला फोन केला, तर पलीकडच्यानं कुणीतरी थट्टा करतंय समजून दोनदा फोन ठेवला. त्यावर नवं ॲप हा उपाय नव्हे. फोन उचलणाऱ्यालाही थोडं पुनर्वसन हवं आहे.

उरतो तो मुख्याध्यापकांचा मूळ आरोप, आणि सगळ्यांत जड तोच. ऑनलाइनची सोय झाली की सरकार म्हणेल, आता जागा कशाला भरायच्या, लिंक पाठवा. मला हे भय पोकळ वाटत नाही. आपल्याकडे सोयीचं रूपांतर सबबीत व्हायला वेळ लागत नाही. पण सबबीच्या भीतीनं सोयच नको म्हणणं म्हणजे चोर येईल म्हणून दारच न बसवणं झालं. उपाय कागदावर आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा वाक्-भाषा दिव्यांगतेची व्याख्या करताना स्वरयंत्र काढण्याच्या ऑपरेशनचं उदाहरण नाव घेऊन देतो. किती जणांना हे ठाऊक आहे? २५ मार्च २०२० रोजी केंद्रानं दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती डॉक्टरांपुरती. थेरपिस्टच्या ऑनलाइन तासालाही तसाच दर, तशीच नोंद, तशीच जबाबदारी हवी. जानेवारी २०२३ मध्ये पणजीला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा भरवून गोव्यानं देशाला दाखवलं की दिव्यांगांचा प्रश्न मेहेरबानीचा नसतो. त्याच राज्याकडून मागणं एवढंच आहे की, स्वरयंत्राच्या ऑपरेशनच्या खर्चाचा आकडा ज्या कागदावर लिहितात त्याच कागदावर किती महिन्यांची थेरपी, त्यातले किती तास समोरासमोर, किती ऑनलाइन, कोणत्या भाषेत, हे लिहावं. समोरासमोरच्या तासांना खालची मर्यादा असावी, म्हणजे लिंक पाठवून कुणाला सुटता येणार नाही.

यात नवं काहीच नाही. व्हिएन्नात बिलरोथनं १८७३ मध्ये कॅन्सरसाठी पहिल्यांदा संपूर्ण स्वरयंत्र काढलं, तेव्हाच त्याचा सहायक गुसेनबाउअर त्या रुग्णासाठी कृत्रिम स्वरयंत्र बनवत होता. १८७४ मध्ये त्यानं त्याची हकीकत प्रसिद्धही केली. कापणं आणि बोलतं करणं एकाच खोलीत सुरू झालं होतं. पुढे दोघांची फारकत झाली. काही वर्षांपूर्वी बंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी पन्नास रुपयांच्या आसपास किमतीची झडप तयार केली. वस्तू इतकी स्वस्त होऊ शकते. स्वस्त झालेला नाही तो शिकवणाऱ्याचा वेळ, आणि रुग्णापर्यंत पोचायचा रस्ता.

आणि तो रस्ता ऑपरेशनच्या आधी सुरू व्हायला हवा. ज्याच्यासमोर संमतीचा कागद ठेवला आहे, त्याला ऑपरेशननंतर जगणारं माणूस बघायला मिळायला हवं. डॉक्टर शंभर वेळा सांगोत. मामांना तसं कुणी भेटलं असतं तर शिट्टीचं आधी कळलं असतं, सभ्य जांभईचंही कळलं असतं. अपघात झाला तर प्राणवायू तोंडाला नव्हे, गळ्याच्या भोकाला लावायचा, हे लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवायची, हेही आम्हाला वर्षभरानं कळलं.

मागच्या बुधवारी वर्गात कुडाळचे एक गृहस्थ नवे आले. त्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं, तारीख पुढच्या सोमवारची. आवाज खरखरीत, पण स्वतःचा. शेजारी बायको. त्यांनी मामांना विचारलं, "बोलायला किती दिवस लागले तुम्हाला?" मामांनी पाटी घेतली नाही, यंत्रही घेतलं नाही. मान जरा खाली केली, ओठ मिटले आणि म्हणाले, "ताक." थांबले. "पापड." मग म्हणाले, "तुम्ही म्हणा." कुडाळकरांना क्षणभर कळलं नाही, चांगला आवाज असताना आपण हे कशाला म्हणायचं ते. मग घसा साफ करून त्यांनी म्हटलं, "ताक. पापड. काका." त्यांच्या बायकोनं पदराआडून दुसरा फोन काढला होता. "परत एकदा म्हणा," ती म्हणाली, "रेकॉर्ड करते."